आजव्याचं पाणी, विश्वामित्रीचा पूर: हवामानबदलाचा अंदाज बडोद्यापुरता कसा काढायचा

बडोद्यात पाण्याचे दोन प्रश्न एकाच तलावापाशी, आजव्यापाशी, येऊन मिळतात. मे महिन्यात आजव्यात पाणी किती उरलंय, हा पहिला. ऑगस्टमध्ये आजव्यातून विश्वामित्री नदीत किती पाणी सुटणार, हा दुसरा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० च्या दशकात बांधलेला हा तलाव आजही शहराच्या काही भागाची तहान भागवतो, आणि पावसाळ्यात त्याच्या पातळीकडे सगळं शहर डोळे लावून बसतं. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिमी पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस काळा घोडा पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली. वर्षाचा सरासरी पाऊस मात्र ९०० ते ९५० मिमीच्या आसपास. म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून जास्त पाऊस एका दिवसात पडू शकतो.

हवामान बदलल्यावर या दोन्ही बाजूंचं काय होईल, हे काढायची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. ज्याला एक्सेल नीट येतं आणि थोडं पायथन किंवा आर (प्रोग्रामिंगच्या भाषा) शिकायची तयारी आहे, अशा अभियंत्याला, भूगोलाच्या विद्यार्थ्याला किंवा नागरिक गटाला ती जमण्यासारखी आहे. लागणारी सगळी साधनं मोफत मिळतात, आणि साधा लॅपटॉप पुरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या: पुराचा अभ्यास आणि टंचाईचा अभ्यास वेगवेगळे करायचे नाहीत. सहसा पाणीपुरवठ्याचा अंदाज मासिक सरासरीवर, एका मॉडेलने निघतो आणि पुराचा अंदाज कमाल पावसावर, दुसऱ्याच मॉडेलने. मग पहिला अहवाल सांगतो तलाव लवकर भरा, दुसरा सांगतो तलाव रिकामा ठेवा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. तलाव एकच आहे, तेव्हा पावसाची मालिकाही एकच हवी, दररोजची. त्याच मालिकेतून दोन्ही उत्तरं निघाली पाहिजेत.

आधी निर्णय लिहा, मग आकडे शोधा

कागदावर एक वाक्य लिहा: या अंदाजावरून कोण, कोणता निर्णय, किती वर्षांसाठी घेणार आहे? उदाहरणार्थ, “३१ ऑगस्टपर्यंत आजव्याची पातळी किती फुटांवर ठेवावी, पुढची वीस वर्षं.” किंवा “नव्या नाल्याचा काटछेद किती ठेवावा, पुढची पन्नास वर्षं.” दोन्हींची वाट निराळी आहे. पहिल्याला रोजचा पाऊस आणि रोजची आवक हवी. तासाचा तपशील त्यात पुढे लागतो. दुसऱ्याला अर्ध्या तासाचा, तासाचा पाऊस हवा, पण तलावाचा हिशेब जवळजवळ नको.

काळाचं भान इथेच येतं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पावसाचा नैसर्गिक चढउतार हवामानबदलाच्या खुणेपेक्षा मोठा असतो, त्यामुळे हरितगृह वायूंचं कमी उत्सर्जन आणि जास्त उत्सर्जन या दोन वाटांतला फरक दिसतच नाही. तो फरक शतकाच्या मध्यानंतर उघडा पडतो. म्हणून २०४५ पर्यंतच्या निर्णयासाठी चार उत्सर्जन-वाटांची चार चित्रं काढत बसण्यात वेळ घालवू नका. एकच मध्यम वाट घ्या आणि हवामानाची मॉडेलं जास्त घ्या.

जुना पाऊस: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

भारतीय हवामान विभाग पाव अंशाच्या चौकटीवर (अक्षांश-रेखांशांनी पाडलेल्या चौकोनांवर) १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मोफत देतो. कमाल-किमान तापमान एक अंशाच्या चौकटीवर आहे, १९५१ पासून. पायथनमधली ‘आयएमडीलिब’ ही तयार लायब्ररी दोन्ही उतरवून उघडते. पावसात न मिळालेली नोंद उणे ९९९ आणि तापमानात ९९.९ अशी भरलेली असते. ती आधी रिकामी करा, नाहीतर सरासरी बिघडते आणि चूक सापडायला दिवस जातात.

बडोदा २२.३० उत्तर, ७३.२० पूर्व. पावागड २२.४६ उत्तर, ७३.५१ पूर्व. म्हणजे पावागडाहून निघून शहरात येणाऱ्या विश्वामित्रीच्या वरच्या पाणलोटाला चौकटीचे चार बिंदू लागतात: अक्षांश २२.२५ आणि २२.५०, रेखांश ७३.२५ आणि ७३.५०. आपल्या अक्षांशावर पाव अंशाची एक चौकट सुमारे ७१५ चौरस किमीची होते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये पाणलोटाची सीमा काढून प्रत्येक बिंदूला किती क्षेत्र येतं ते मोजा, आणि त्या भाराने सरासरी घ्या.

७१५ चौरस किमीवर पसरवलेला पाऊस म्हणजे एखाद्या पर्जन्यमापकात साठलेला पाऊस नव्हे. चौकटीत ३०० मिमी दिसतो, त्या दिवशी एखाद्या केंद्रावर ४५० पडलेला असू शकतो. म्हणून आकडे कोणत्या कामाला वापरायचे ते वेगळं ठेवा: आवकेसाठी चौकट ठीक, शहरातल्या नाल्यासाठी केंद्राची नोंदच हवी. तालुक्याच्या पर्जन्यमापकांचे आकडे जिल्ह्याच्या पूरनियंत्रण कक्षाकडे असतात. ते मागून घ्या, आणि चौकटीच्या आकड्यांसमोर तेच दिवस लावून पाहा.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, दिवसाची वेळ. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्या चोवीस तासांचा पाऊस संपल्या तारखेला लिहिला जातो. ३१ जुलैच्या दुपारी-रात्री पडलेला पाऊस त्यामुळे १ ऑगस्टच्या रकान्यात सापडतो. उपग्रहाचे आणि पुनर्विश्लेषणाचे (नोंदी व मॉडेल मिसळून पुन्हा तयार केलेले) आकडे ग्रिनिच वेळेने असतात. दोन्ही शेजारी ठेवताना एक दिवस मागेपुढे सरकवून सहसंबंध तपासा. जिथे तो सर्वांत जास्त येतो, तीच खरी जुळणी.

दुसरं, केंद्रांची संख्या. शंभर वर्षांत पर्जन्यमापक वाढले, काही बंद पडले. चौकटीतली वाढती अतिवृष्टी कधी खरी असते, तर कधी जवळ नवं केंद्र आल्याची खूण असते. मान-केंडल चाचणी (कल खरा आहे का ते सांगणारी) आणि सेनचा उतार (तो कल किती ते सांगणारा) काढताना मालिका १९०१ पासून, १९५१ पासून आणि १९८१ पासून अशी तीनदा सुरू करून पाहा. कल तिन्हीत एकाच दिशेला असेल तरच त्यावर विसंबा.

तिसरं, ठरावीक दिवसाची कमाल आणि कोणत्याही सलग चोवीस तासांची कमाल यांतला फरक. वादळ साडेआठच्या रेषेने दोन तुकड्यांत कापलं जातं, त्यामुळे रोजच्या नोंदीतली कमाल खऱ्या चोवीस तासांच्या कमालीपेक्षा कमी भरते. १.१३ ते १.१५ ने गुणण्याची पद्धत आहे. ती विसरली, तर सगळा पूर सुरुवातीलाच आठव्या हिश्शाने लहान होतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’चं गणित

प्रत्येक वर्षाची एक दिवसाची कमाल काढा. निदान चाळीस वर्षं हवीत. त्यावर गम्बेल वितरण बसवणं सोपं आहे. समजा, सरासरी १४० मिमी आणि प्रमाण विचलन ७० मिमी निघालं. शंभर वर्षांच्या पुनरागमनासाठी गुणक ३.१४, म्हणून १४० अधिक ३.१४ गुणिले ७०, म्हणजे ३६० मिमी. (आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही काढा.)

गम्बेलची अडचण अशी की त्याची शेपटी हलकी असते. गुजरातच्या मैदानात दहा-पंधरा वर्षांतून एखादा दिवस बाकी सगळ्यांपासून फार दूर उभा राहतो, आणि गम्बेल त्याला जवळजवळ अशक्य ठरवतं. म्हणून जीईव्ही, म्हणजे तीन घटकांचं अतिमूल्य वितरण बसवा, आणि ते एल-मोमेंट पद्धतीने बसवा. छोट्या मालिकेत ती एका टोकाच्या आकड्याने फारशी हलत नाही. आकार-घटक, म्हणजे शेपटी किती जड ते ठरवणारा घटक, एकट्या केंद्रावरून ठरवू नका. खेडा, आणंद, पंचमहाल, भरूच, छोटा उदेपूर अशा आसपासच्या जिल्ह्यांतली केंद्रं एकत्र घेऊन तो ठरवा, आणि सरासरी तेवढी स्थानिक ठेवा. एवढ्या एका पायरीने अंदाजाचा पट्टा पुष्कळ आवळला जातो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द लोकांपुढे मांडताना सोबत धोका टक्क्यांत द्या. शंभर वर्षांचा पाऊस तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के आहे. हवामान बदलून तोच पाऊस चाळीस वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ती ५३ टक्के होते. दांडिया बाजारातल्या दुकानदाराला पहिला शब्दप्रयोग काही सांगत नाही. घराच्या कर्जाच्या मुदतीत निम्म्याहून जास्त शक्यता, हे त्याला लगेच कळतं.

तासाचा पाऊस हवा आणि स्वयंचलित पर्जन्यमापकाची नोंद नाही, अशा वेळी हवामान विभागाचं घनमूळाचं सूत्र वापरतात: चोवीस तासांचा पाऊस गुणिले (तास भागिले चोवीस) याचं घनमूळ. चोवीस तासांत २४० मिमी असेल तर तीन तासांत १२०, एका तासात ८३. प्राथमिक आराखड्याला हे चालतं. भविष्यासाठी मात्र जपून, कारण तासाभराच्या सरी दिवसाच्या पावसापेक्षा वेगाने तीव्र होण्याची शक्यता आहे, आणि हे सूत्र दोघांचं नातं कायम धरतं.

भविष्यातला पाऊस कुठून आणायचा

जागतिक हवामान मॉडेलांची ताजी पिढी सीएमआयपी६ या नावाने उपलब्ध आहे. तिची मूळ चौकट साधारण १०० ते २०० किमीची. विश्वामित्रीचं सगळं खोरं तिच्या एका कोपऱ्यात मावतं, म्हणून मूळ आकडे थेट वापरू नयेत. दोन तयार संच कामाचे आहेत. एक, आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला दक्षिण आशियाचा संच: १३ मॉडेलं, पाव अंश, रोजचा पाऊस आणि कमाल-किमान तापमान, १९५१ ते २१००, खऱ्या नोंदींशी जुळवून दुरुस्त केलेला. दुसरा, नासाचा जगभरचा पाव अंशाचा संच. सुरुवात पहिल्यापासून करा. भारतीय खोऱ्यांप्रमाणे तो आधीच विभागलेला आहे.

उत्सर्जन-वाटांची नावं एसएसपी१-२.६, एसएसपी२-४.५, एसएसपी३-७.० आणि एसएसपी५-८.५ अशी आहेत. नावातला शेवटचा आकडा म्हणजे २१०० च्या सुमारास पृथ्वीवर दर चौरस मीटरला किती वॅट जादा उष्णता अडकेल तो. ८.५ ची वाट ही ‘जसं चाललंय तसं’ नाही, टोकाची चाचणी आहे. तिच्यावर नालेबांधणीचा खर्च ठरवू नये. धरणाची भिंत तिच्यावर तपासून मात्र जरूर पाहावी.

काही मॉडेलं गरजेपेक्षा जास्त तापतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर जग किती तापेल, याचा संभाव्य पट्टा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालाने २.५ ते ४ अंश दिला आहे. कॅनडाचं आणि ब्रिटनचं मॉडेल पाच अंशांच्या वर जातात. सगळ्यांची सरळ सरासरी घेतली तर ही मॉडेलं उत्तर वर ओढतात. यावर चांगला उपाय आहे: वर्षांऐवजी तापमानवाढीची पातळी धरा. प्रत्येक मॉडेलात जागतिक सरासरी तापमान १८५०–१९०० पेक्षा दोन अंशांनी वाढतं ती वीस वर्षांची खिडकी शोधा, आणि त्या खिडकीतला बडोद्याचा पाऊस घ्या. तापट मॉडेलात ती खिडकी लवकर येते, थंड मॉडेलात उशिरा, पण तुलना सारख्याशी सारख्याची होते. “२०५५ मध्ये काय” याऐवजी “दोन अंशांच्या जगात काय” असं उत्तर मिळतं, आणि ते जास्त टिकतं.

किती मॉडेलं? आठ ते बारा पुरे. निवडताना दोन गोष्टी पाहा: जून ते सप्टेंबरचा मासिक क्रम जुळतो का, आणि पाऊस जूनमध्ये वेळेवर सुरू होतो का. ज्या मॉडेलात मान्सून तीन आठवडे उशिरा येतो, त्याची रोजच्या आकड्यांची दुरुस्ती कितीही केली तरी जुलैचा पाऊस ऑगस्टमध्येच पडणार.

दुरुस्ती करताना खरा बदलच पुसला जातो तेव्हा

मूळ मॉडेलांचे आकडे घेतलेत तर एककापासून सुरुवात करा. पाऊस दर सेकंदाला, दर चौरस मीटरला किलो असा असतो. ८६४०० ने गुणल्यावर दिवसाचे मिमी मिळतात. काही मॉडेलांत लीप वर्ष नसतं, काहींत महिना तीसच दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं. तारखा जबरदस्तीने जुळवल्या तर शेवटी पाच दिवस रिकामे राहतात, आणि कुणीतरी ते शून्य पावसाने भरतं.

पुढची अडचण रिमझिमीची. मॉडेलात जवळजवळ रोज थोडासा पाऊस पडतो. खऱ्या बडोद्यात पावसाळ्यातही कोरडे दिवस असतात. आधी उंबरठा ठरवा. जुन्या काळात ज्या आकड्यावर मॉडेलातले पावसाळी दिवस नोंदीइतके उरतात, तो उंबरठा, आणि त्याखालचं सगळं शून्य. हवामान विभाग २.५ मिमी किंवा जास्त पाऊस असलेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. तीच व्याख्या ठेवा. अतिवृष्टीच्या पायऱ्याही त्यांच्याच घ्या: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. तुमचा अहवाल आणि हवामान विभागाचा इशारा एकाच भाषेत बोलतील.

मग शतमक-जुळवणी. आकडे चढत्या क्रमाने लावून शंभर हिस्से केले की प्रत्येक हिश्शाची सीमा म्हणजे एक शतमक. मॉडेलाचा पन्नासावा शतमक नोंदीच्या पन्नासाव्याशी, नव्वदावा नव्वदाव्याशी, असं महिनावार जोडायचं. किमान तीस वर्षं घ्या. चाळीस वर्षांच्या जुलैत सुमारे १२४० दिवस असतात, त्यांतले वरचे एक टक्का म्हणजे फक्त बारा. शेपटीची सगळी जुळवणी या बारा दिवसांवर उभी असते. म्हणून ९५ किंवा ९८ शतमकाच्या वर प्रत्येक आकडा स्वतंत्र जुळवू नका. तिथे एकच गुणक वापरा किंवा जीईव्ही बसवा.

साधी शतमक-जुळवणी कधी मूळ मॉडेलातला बदलच फुगवते किंवा खाऊन टाकते. यावर शतमक-डेल्टा पद्धत वापरा: प्रत्येक शतमकाचा टक्क्यांतला बदल मॉडेलाकडून घ्यायचा आणि तो खऱ्या नोंदीवर लावायचा. नंतर तक्ता करा: दुरुस्तीआधी वार्षिक कमाल पाऊस किती टक्के वाढत होता, दुरुस्तीनंतर किती वाढतो. दोन आकड्यांत पाच-सात टक्क्यांहून जास्त तफावत असली तर पुढे जाऊ नका. तयार संचावरही ही तपासणी करा.

आणखी एक ताळा भौतिकशास्त्राचा. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जगभरच्या जमिनीवर, दहा वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा पाऊस दोन अंशांच्या जगात १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १४ टक्के जास्त तीव्र आणि १.७ पट वेळा येईल, असं आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल सांगतो. तुमच्या उत्तरात आजच्यापेक्षा दीड अंशाला ६० टक्के वाढ आली, तर आधी चूक शोधा. एका ठिकाणी जास्त वाढ होऊ शकते, पण मग तिचं कारण सांगता आलं पाहिजे. गुजरातचा मोठा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातून मध्य प्रदेशावरून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये असाच एक तीव्र पट्टा गुजरातवरून जाऊन अरबी समुद्रात ‘असना’ चक्रीवादळ झाला. या पट्ट्यांची वाट शंभर किमीच्या मॉडेलाला नीट पकडता येत नाही. ती उणीव कोणतीही सांख्यिकी भरून काढत नाही, म्हणून ती अहवालात स्पष्ट लिहा.

पावसापासून प्रवाहापर्यंत

इथे बहुतेक जण आधी मॉडेल शोधतात. आधी मोजमाप शोधा. विश्वामित्रीची पातळी फुटांत कळते, पण पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. दोघांचं नातं पात्राच्या काटछेदावर आणि खडबडीतपणावर आहे. मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा गुणांक ०.०३५ ऐवजी ०.०७ झाला, म्हणजे कोतरांत (नदीकाठच्या घळींत) झाडोरा आणि राडारोडा साठला, तर त्याच पातळीला प्रवाह निम्मा होतो. उलट म्हणायचं तर तेवढाच पूर बराच वर चढून येतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वीचा काटछेद नसेल, तर दहा वर्षांपूर्वीच्या पातळीवरून आजचा प्रवाह काढू नका. शिवाय खाली, विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी भरलेली असेल तर पाणी मागे तुंबतं, आणि तीच पातळी कमी प्रवाहातही दिसते.

म्हणून आवकेसाठी आजवा आणि प्रतापपुरा हे तलावच प्रवाहमापक म्हणून वापरा. दिवसभरातला साठ्यातला फरक, अधिक सोडलेलं पाणी, अधिक पुरवठ्याला घेतलेलं, अधिक बाष्पीभवन: एवढी बेरीज म्हणजे त्या दिवसाची आवक. पातळी-साठा तक्ता महापालिकेकडून मागवा, आणि तो कोणत्या वर्षीच्या मोजणीचा आहे ते विचारा. गाळ साठल्यावर जुना तक्ता साठा जास्त दाखवतो. रोजच्या हिशेबात आवक कधी उणे येते. तलावावरच्या लाटा आणि वाचनातला अर्धा इंच यामुळे ते होतं. तीन दिवसांची सरकती सरासरी घ्या. उणे आकडे नुसते पुसून टाकू नका, नाहीतर वर्षाची बेरीज फुगते.

पावसावरून प्रवाह काढणारं मॉडेल म्हणून एचईसी-एचएमएस किंवा स्वॅट घ्या, दोन्ही मोफत. पण त्याआधी वक्रांक पद्धत (जमिनीवरून किती पाणी वाहतं ते शंभरपर्यंतच्या एका आकड्याने ठरवणारी) हाताने करा, कारण सगळ्याची गुरुकिल्ली तिच्यात दिसते. वक्रांक ८० धरला तर जमिनीची धारणा २५४०० भागिले ८० वजा २५४, म्हणजे ६३.५ मिमी. सुरुवातीची घट तिच्या एक पंचमांश, १२.७ मिमी. (काळ्या जमिनीवर, आधी ओल असताना, आपल्याकडे एक दशमांश घेण्याची शिफारस आहे, इथे सर्वसाधारण रीत दाखवली आहे.) २५० मिमी पावसातून वाहून जातं १८७ मिमी. पाऊस २० टक्के वाढून ३०० झाला, तर वाहतं २३५ मिमी, म्हणजे २६ टक्के जास्त. आता लहान पाऊस बघा: ६० मिमीतून २० मिमी वाहतं, आणि पाऊस २० टक्के वाढून ७२ झाला तर जवळजवळ २९ मिमी. वाढ ४२ टक्के! मध्यम पावसात वाढलेल्या थेंबाचा परिणाम प्रमाणात जास्त होतो, आणि आजवा भरायचं काम मध्यम पाऊसच करतो.

याच सूत्राचा दुसरा उपयोग बडोद्यासाठी फार मोलाचा आहे. पाऊस तोच, २५० मिमी. फक्त शेतं, तलाव आणि कोतरांच्या जागी बांधकाम आलं आणि वक्रांक ८० वरून ८८ झाला. वाहतं पाणी २१३ मिमी. आता वक्रांक ८० च ठेवून पाऊस १० टक्के वाढवा: २११ मिमी. म्हणजे एवढं शहरीकरण हवामानबदलाने वाढलेल्या १० टक्के पावसाइतकंच पाणी नदीत आणतं. आजच्याहून दीड अंश तापमानवाढ मोठ्या पावसात साधारण तेवढीच भर घालेल. जमीनवापर न बदलता नुसतं हवामान बदलून काढलेला अंदाज म्हणूनच अर्धवट असतो. निदान चार चालवण्या करा: आजची जमीन–आजचं हवामान, आजची जमीन–उद्याचं हवामान, उद्याची जमीन–आजचं हवामान, आणि दोन्ही उद्याचं. महापालिकेच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे या चारांतून थेट दिसतं.

उंचीचा नकाशा ३० मीटरचा मोफत मिळतो. वरच्या डोंगराळ भागाला तो चालतो. शहरातल्या सपाटीवर त्यातली चूक दोन-चार मीटरची असू शकते, आणि पूर किती घरांत जाईल हे अर्ध्या मीटरवर ठरतं. तिथे सर्वेक्षण हवंच. रस्त्यांचे भराव आणि पुलांची तोंडं हाताने भरा.

मॉडेल जुळवताना नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेलाचा प्रवाह मोजलेल्याशी किती जुळतो ते सांगणारा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) मासिक प्रवाहाला ०.५ च्या वर आणि एकूण पाण्यातली तफावत २५ टक्क्यांच्या आत हवी. पण भविष्यासाठी एवढं पुरत नाही. मॉडेल कोरड्या वर्षांवर जुळवा आणि ओल्या वर्षांवर तपासा, मग उलट करा. ज्याला आजच्याच दोन टोकांत पास होता येत नाही, त्याच्यावर उद्याच्या वेगळ्या हवामानात विश्वास टाकायचं कारण नाही.

बाष्पीभवनाबद्दल थोडक्यात. फक्त सरासरी तापमान घेणारी थॉर्नथ्वेट पद्धत भविष्यात अवर्षण फार फुगवते. हारग्रीव्हज पद्धतीला कमाल-किमान तापमान लागतं, जे आपल्याकडे आहेच, आणि तिच्या सूत्रात सरासरी तापमानात १७.८ मिळवलेलं असल्याने ३० अंशाला प्रत्येक वाढीव अंशामागे साधारण २ टक्के वाढ येते. तलावावरून दर चौरस किमीमागे एक मिमी बाष्पीभवन म्हणजे दहा लाख लिटर पाणी, हे हिशेबात लक्षात ठेवा.

तलाव चालवून बघणं

आता सगळं एकत्र येतं. एक्सेलमध्ये रोजचा एक रकाना: कालचा साठा, अधिक आवक, वजा बाष्पीभवन, वजा पुरवठा, आणि ठरलेल्या पातळीच्या वर गेलेलं सगळं विश्वामित्रीत. मागच्या वर्षांवर चालवून पाहा आणि खऱ्या पातळ्यांशी जुळलं की मगच भविष्य चालवा.

आजव्यावर २११ ते २१४ फुटांमध्ये सगळी ओढाताण असते. म्हणून तीन नियम करून पाहा: ३१ ऑगस्टपर्यंत २११, ३१ ऑगस्टपर्यंत २१२.५, आणि १५ ऑगस्टनंतर सरळ २१४. दहा मॉडेलं, तीन नियम, जमिनीच्या दोन अवस्था: साठ चालवण्या, प्रत्येक काही सेकंदांची. प्रत्येकीतून दोनच आकडे काढा. पुढच्या जूनपूर्वी साठा गरजेखाली गेलेले दिवस किती, आणि शहरात सुटलेला सर्वांत मोठा प्रवाह किती. आडव्या अक्षावर पहिला, उभ्यावर दुसरा, आणि साठ बिंदू मांडा. कोणता नियम कुठे बसतो ते चित्र सांगतं.

रोजच्या पायरीवर पुराचं टोक बोथट होतं, हे ध्यानात असू द्या. ज्या दिवशी आवक मोठी आहे, तो दिवस तासाच्या पायरीवर पुन्हा चालवा. शहरावर त्याच वेळी पडलेला पाऊस आणि सूर्या नदीचं पाणीही धरा. सगळा पूर आजव्यातून येत नाही, दरवाजे बंद असतानाही शहर बुडू शकतं. आणि पुरवठ्याच्या बाजूला मही नदीतल्या फ्रेंच विहिरी (पात्रातल्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या) व नर्मदेचं पाणी वेगळ्या रकान्यात ठेवा. महीत उन्हाळ्यात येणारं पाणी वरच्या कडाणा धरणाच्या सोडण्यावर चालतं, बडोद्याच्या पावसावर नाही. आजव्याची पावसाची मालिका या बाहेरच्या पाण्यालाही लावली तर टंचाई एकाच वर्षी सगळीकडे आल्याचं खोटं चित्र तयार होतं.

आकडे कसे लिहायचे

एकच आकडा कधीच देऊ नका. मध्य, दहावा आणि नव्वदावा शतमक द्या, आणि किती मॉडेलं वाढीच्या बाजूने आहेत ते लिहा. दहातल्या आठांहून कमी एका दिशेला असतील तर ‘दिशा स्पष्ट नाही’ असंच लिहा. वार्षिक एकूण पावसाबाबत हे वाक्य बऱ्याचदा लिहावं लागतं, अतिवृष्टीबाबत क्वचित. दोन्हींना सारख्याच खात्रीने मांडलं तर वाचणाऱ्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

अनिश्चिततेचा वाटा कुठून येतो तेही मोजा: मॉडेल बदलून उत्तर किती हललं, उत्सर्जन-वाट बदलून किती, दुरुस्तीची पद्धत बदलून किती, वक्रांक पाचाने बदलून किती. छोट्या, शहरी खोऱ्यात शेवटचे दोन घटक पहिल्या दोघांच्या तोडीचे निघू शकतात. मग पुढच्या वर्षीचा पैसा नव्या मॉडेलावर घालायचा की प्रतापपुऱ्याच्या वरच्या अंगाला दोन स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पुलापाशी एक रडार पातळीमापक बसवण्यावर, याचं उत्तर त्या तक्त्यातच मिळतं.

प्रत्येक फाईलवर संचाचं नाव, आवृत्ती, उतरवल्याची तारीख आणि आधारकाळ (ज्या वर्षांशी तुलना केली तो काळ) लिहून ठेवा. आधारकाळ १९८१–२०१० होता की १९९१–२०२०, हे लिहिलं नसेल तर “१२ टक्के वाढ” हा आकडा पाच वर्षांनी कुणालाच वापरता येत नाही. दर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, त्या वर्षाची नोंद मालिकेत जोडून जीईव्ही पुन्हा बसवा. मॉडेलांचा भाग पाच-सात वर्षांतून एकदा, नवी पिढी आली की बदलला तरी चालतो.